कानामागची जागा

म्युझियमच्या गार्डने मला हटकलं तेव्हा मी एका रोमन माणसाच्या मानेत डोकावत होते. ब्राँझचं नुसतं डोकं होतं ते. धड कधीच हरवलेलं. काचेच्या पेटीत ते अशा बेताने उभं केलं होतं की खाली बसून मान तिरकी केली तर आतला अंधार दिसे. मी गुडघ्यांवर बसले होते. "मॅडम, आर यू ओके?" असं गार्डने विचारताच आई दोन पावलं मागे सरकली आणि या बाईशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून एका फुलदाणीकडे बघायला लागली.

ही सवय बाबांची. देऊळ असो, लेणी असोत, चौकातला पुतळा असो, बाबा आधी मागे जाऊन बघत. पुढून सगळेच बघतात, करणाऱ्याने मागे काय केलंय ते बघ, म्हणत. घरातला रेडिओ, घड्याळ, मिक्सर, काहीच त्यांनी उघडून बघितल्याशिवाय सोडलं नाही, आणि उघडलेलं सगळं परत बंद झालंच असंही नाही. आई त्यावरून त्यांना जन्मभर बोलत आली. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी ती पहिल्यांदाच एकटी नागपूरहून निघून माझ्याकडे जर्सी सिटीला आली, सहा महिन्यांसाठी. सामानात माझ्यासाठी तिखट, सांडगे, पापड सगळं होतं. बाबांचा फोटो नव्हता. नागपूरच्या घरातही तिने तो भिंतीवर लावू दिला नव्हता. काकांनी फ्रेम करून आणलेला फोटो तिने कपाटात साड्यांखाली पालथा ठेवला होता. "भिंतीवर टांगला की माणसाचा फोटो होतो," एवढंच ती म्हणाली. पुढे कोणी विषय काढला की उठून जायची.

मला काळजी वाटत होती ती परतीची. सहा महिने संपले की ती त्या रिकाम्या घरात एकटी जाणार, आणि तिथे बाबा साड्यांखाली पालथे. तिने त्यांच्याकडे बघावं असं काहीतरी तिच्यासोबत पाठवायचं, हे मी ती यायच्या आधीच ठरवलं होतं. फोटो चालत नाही ना, मग पुतळा करू. माझं डोकं असं चालतं. ऑफिसातल्या मैत्रिणीने "तू थेरपी का नाही करत, यार?" असं विचारलं होतं, आणि मी गाडीने तासाभरावर असलेल्या एका फाउंड्रीत शनिवारचा क्लास लावला. "प्राचीन पद्धतीने ब्राँझ," असं त्यांच्या वेबसाइटवर होतं. मी दिवसभर बँकेचं सॉफ्टवेअर तपासते. हाताला शेवटची माती कधी लागली होती, कोण जाणे.

शिकवणारी बाई साठीची, आवाजाने दणदणीत आणि भुवयांनी जरा विरळ. भुवया भट्टीने नेल्या, असं ती स्वतःच सांगायची. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला विचारलं, पुतळा भरीव असतो की पोकळ? मी ठामपणे भरीव म्हणाले. ती खूश झाली, तिला असं कोणीतरी हवंच असतं. भरीव ओतला तर धातू सगळीकडे सारखा थंड होत नाही, आकसतो, तडकतो, शिवाय तांबं आणि कथील काही फुकट मिळत नव्हतं. म्हणून ग्रीकांनी माणसाएवढे पुतळे पोकळ केले. नुसती साल. डोकं वेगळं, हात वेगळे, पाय वेगळे ओतायचे आणि मग वितळलेल्या धातूनेच सांधायचे. ओठ तांब्याचे, लालसर दिसावेत म्हणून. डोळे दगडाचे नाहीतर काचेचे, मागाहून बसवलेले. आज आपण बघतो तो हिरवा-काळा रंग तेव्हा नव्हताच. उन्हात तापलेल्या माणसाच्या कातडीसारखे चकाकत असत ते पुतळे. बहुतेक सगळे पुढे वितळवले गेले, कोणाच्या घंटा झाल्या, कोणाची नाणी झाली. काही वाचले ते जहाजांबरोबर बुडाले म्हणून. हे ऐकून मला इतकं नवल वाटलं की घरी येताना मी एक्झिट चुकले.

आई आली तोवर माझं मातीचं डोकं तयार झालं होतं. फोनवर तिला त्याचा फोटो दाखवला. तिने फोन दूर धरला, जवळ धरला.

"कोण आहे?"

"आई! बाबा आहेत."

"हे ते नाहीत," ती म्हणाली आणि फोन परत दिला.

मला राग आला, आणि राग आला की मी समजावून सांगायला लागते. म्हणून त्या रविवारी तिला पाथ ट्रेनने मॅनहॅटनला आणि पुढे म्युझियमला घेऊन गेले. असे पुतळे दोन हजार वर्षं कसे टिकतात ते तरी बघ, म्हटलं. गार्डने मला उठवून उभं केल्यावर ती पुन्हा माझी आई झाली आणि आम्ही पुढे निघालो. एका डोक्याचे डोळे शाबूत होते, पांढरे, मध्ये काळं बुबुळ. त्याच्यापुढे ती थांबली. "आमच्या गावच्या देवीच्या मुखवट्याला असे होते," म्हणाली. "लहानपणी फार भीती वाटायची." दुसऱ्या एका तरुणाच्या डोक्यापाशी ती जास्त वेळ थांबली. त्याच्या कानांच्या वर, केसांत, बारीक भोकं होती.

"ही कशाची?"

मी पाटी वाचली. "याच्या डोक्यावर पानांचा मुकुट होता. वेगळा केलेला. भोकांत अडकवलेला. तो हरवला."

"मग आता हा कोण, ते कसं कळणार?"

"नाहीच कळत. तसं लिहिलंय इथे. नाव ठाऊक नाही."

ती बराच वेळ त्या भोकांकडेच बघत राहिली. मी तोवर मागे जाऊन त्याचे केस कसे कोरलेत ते बघून आले.

घरी आल्यावर ओट्यापाशी बसून मी तिला पुढची सगळी कृती सांगितली, आणि तिला ती माझ्यापेक्षा लवकर समजली. कारण मी म्हटलं, मोदकाच्या साच्यात आपण उकड कशी दाबतो? कडेकडेने पातळ, मध्ये पोकळ. तसंच. मातीच्या डोक्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, दोन भागांत. त्याला आतून मेणाचा थर द्यायचा.

"मेण म्हणजे उकड," आई म्हणाली. "आणि सारण?"

"प्लास्टर आणि विटांची भुकटी. जुन्या काळी माती. त्या मातीवरून म्हणे आजही कळतं पुतळा कुठल्या गावचा ते."

"बरं. मग?"

"साच्यातून काढलेलं मेणाचं डोकं आधी नीट करायचं, मग त्यात सारण भरून बाहेरून पुन्हा जाड लेप द्यायचा आणि भट्टीत भाजायचं. मेण वितळून वाहून जातं. त्याची जागा रिकामी होते, तिथे धातू ओतायचा. थंड झालं की बाहेरचा लेप फोडायचा, आतलं कोरून काढायचं."

आईने हिशेब जुळवला. "साचा गेला. उकड गेली. सारण गेलं. मग राहिलं काय?"

"बाबा," मी म्हटलं.

ती उठली आणि गॅसवरचा कुकर उगाच बंद करून आली. त्याची अजून एकही शिट्टी झाली नव्हती.

मेणाचं डोकं सारण भरायच्या आधी घरी नेऊन त्यावर बारीक काम करायची मुभा होती. जुलैचा उन्हाळा होता. कूलरमध्ये बर्फाच्या पिशव्या लावून, एसी फुल करून मी ते आणलं, तरी घरी पोचेपर्यंत नाकाचा शेंडा जरा मऊ झालाच. मी ते थेट फ्रिजमध्ये ठेवलं, दह्याच्या डब्याशेजारी. सकाळी आईची किंकाळी ऐकून जागी झाले.

"माणसाचं डोकं फ्रिजमध्ये ठेवतात का?"

"मेण आहे, आई."

"मला काय स्वप्न पडणार आहे मेण आहे म्हणून? दही लावायला गेले तर हे बघून राहिलं माझ्याकडे!"

बघत होतं, हे मात्र मला आवडलं. डोळ्यांवर मी फार मेहनत घेतली होती. बाबांना चष्मा होता, जाड काळ्या फ्रेमचा, कायम नाकावर घसरलेला. वाचताना, जेवताना, स्क्रू शोधताना ते मधल्या बोटाने तो वर ढकलत आणि तो लगेच खाली येई. पण ब्राँझमध्ये चष्मा म्हणजे वाकलेली तार दिसते, असं शिकवणारीचं म्हणणं पडलं. म्युझियममधल्या एकाही ग्रीकाला चष्मा नव्हता, हे मलाही दिसत होतंच. मी कोणाच्या तरी लग्नातला चष्म्याशिवायचा फोटो शोधला आणि त्यावरून डोळे केले. चष्म्यामागे आजवर मला न दिसलेले बाबांचे डोळे. माझ्या मते ते हुबेहूब होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसहून आले तर मेणाचं डोकं ओट्यावर उभं, एसी फुल, आणि आई शाल पांघरून त्याच्यासमोर बसलेली. तिच्या हातात केसांतली पिन होती. ती कानामागे कोरत होती. मेणाची बारीक सालपटं ओट्यावर पडली होती.

"आई! काय करतेस?"

"कानामागे जागाच नाही ठेवली तू. कान डोक्याला चिकटवून टाकले. असे असतात का माणसाचे कान?"

"तिथे कोण बघणार आहे?"

"मागून बघतात ना तुम्ही लोक."

त्यावर मी जास्तच चिडले. एवढे शनिवार मी घालवले, एवढं ड्राइव्ह केलं, आणि ही पिन घेऊन बसली. मेण पातळ असतं, भोक पडलं तर सगळं मुसळ केरात, असं बरंच काही बोलले. आईने पिन पदराला पुसून केसांत खोवली. मी डोकं उचलून बघितलं. दोन्ही कानांच्या मागे, वरच्या बाजूला, एकेक सरळ चर होता, करंगळीच्या नखाएवढा रुंद. सफाईने कोरलेला होता. बुजवायला गेले तर कानच निघायचा, म्हणून तसाच ठेवला आणि दोन दिवस तिच्याशी मोजून-मापून बोलले.

ओतायच्या दिवशी आई आली नाही. "मला नाही बघवणार आग," म्हणाली, आणि मी समजले. मी गेले. मुशीतला धातू पांढरट पिवळा होता, जिवंत वाटावा इतका. दोघांनी लांब दांड्यांनी मूस उचलली आणि वाळूत पुरलेल्या माझ्या साच्यात ओतली. क्षणभर काही घडलं नाही. मग हवा बाहेर जायच्या नळीतून धातूचा एक लाल थेंब वर आला आणि तिथेच थांबला. "भरलं," शिकवणारी म्हणाली. मला रडू आलं. मास्कच्या आत रडणं फार गैरसोयीचं असतं, एवढं सांगते.

पुढच्या शनिवारी हातोड्याने लेप फोडला. आतून निघाले ते काळेकुट्ट, खरखरीत, डोक्याला नळ्यांची शिंगं असलेले बाबा. शिंगं कापली, हनुवटीवर एक खड्डा पडला होता तिथे जुन्या लोकांसारखा चौकोनी तुकडा बसवला, आतलं सारण मानेच्या वाटेने खरवडून काढलं. मग फोटोशी ताडून बघताना मला वाटत राहिलं, काहीतरी बदललंय. शिकवणारी हसली. प्रत्येकाला वाटतं, म्हणाली. धातू थंड होताना आकसतो, म्हणून ब्राँझचं डोकं मेणापेक्षा जरासं लहान निघतं. मोठ्या काकांच्या मानाने बाबा मुळातच बारीक होते. आता आणखी बारीक झाले. काळा रंग द्यायचा का, तिने विचारलं. मी नको म्हटलं. ग्रीक ठेवत तसे चकचकीत ठेवले, वर नुसतं मेण चोळलं.

आईने ते डायनिंग टेबलावर बघितलं. बोटाच्या पेराने हलकेच टकटक केलं. आवाज आला.

"कासं आहे," ती म्हणाली. "तळपाय घासायच्या वाटीचं."

"हो, तेच. तांबं आणि कथील."

"काम चांगलं केलंस."

"पण?"

"पण काय. हे ते नाहीत, बाई. तू मेहनत केलीस, मला दिसतं. ठेव तुझ्याकडेच. मी कुठे नेऊ एवढं वजन?"

मी आत जाऊन दार लावून घेतलं. पन्नाशीला टेकलेली बाई मी, पण दार आपटलंच. इतकं वाईट मला बाबा गेल्याच्या फोनलाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान विमानाचं तिकीट काढायचं काम होतं. आता काहीच करण्यासारखं उरलं नव्हतं. ती जाणार, आणि तिच्याबरोबर काही जाणार नाही.

निघायच्या दिवशी दुपारी मी बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणून बॅगा चढवत-उतरवत होते. अमेरिकेतून जाणाऱ्या प्रत्येक आईच्या बॅगेचं होतं तेच चाललं होतं. काकांचे बदाम काढ, मावशीची क्रीमं ठेव, मग क्रीमं काढ. मधेच लक्ष गेलं, टेबलावर डोकं नव्हतं.

आईच्या खोलीत ते पलंगावर पालथं होतं, मान वर. आई शेजारी बसून मानेतून पिस्त्यांच्या छोट्या पिशव्या आत सारत होती.

"हे काय करून राहिली तू?" मी तिच्याच नागपुरी ढंगात विचारलं.

"रिकामं भांडं देतात का कधी? रिकामं नेऊही नये," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

आमच्या घरातून शेजारचा डबाही कधी रिकामा परत गेला नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून जायचा. हे मला ठाऊक होतं. तरी बाबांच्या डोक्यात पिस्ते बघून मला आधी हसू आलं, आणि मग तिचं वाक्य डोक्यात शिरलं. नेऊही नये.

"नेते आहेस?"

"वजनात बसतंय का बघ आधी."

नाहीच बसलं. काटा मर्यादेच्या पुढे गेला. मी पलंगावर बसून पिशव्या एकेक बाहेर काढायला लागले. तळाशी, म्हणजे बाबांच्या टाळूशी, हाताला काहीतरी कापडात गुंडाळलेलं लागलं. बाहेर काढलं. बाबांचा रुमाल होता, निळ्या काठाचा. आत जाड काळ्या फ्रेमचा चष्मा.

"हा कुठे होता?"

"पर्समध्ये."

म्हणजे नागपूरहून निघाल्यापासून. विमानात, पाथ ट्रेनमध्ये, म्युझियममध्ये, फ्रिजपुढे किंचाळताना, पूर्णवेळ तो तिच्या पर्समध्ये होता आणि तिने तो मला दाखवला नव्हता. "का?" असं मला विचारायचं होतं, पण तिचा चेहरा बघून विचारलं नाही. तो दिला असता तर तिच्याकडे काय राहिलं असतं?

तिने डोकं सरळ केलं, उशीला टेकवलं. चष्म्याच्या दांड्या उघडल्या. एक डाव्या कानामागे सरकवली, एक उजव्या. त्या चरांत त्या बरोब्बर बसल्या, जराही न अडखळता, आणि पिन घेऊन बसलेली आई मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. मी तिला तिथे कोण बघणार आहे असं विचारलं होतं.

काचांमागे माझे हुबेहूब डोळे आता अर्धेच दिसत होते. बाबा दिसत होते.

डोकं आकसलेलं. चष्मा क्षणभर जागेवर राहिला, मग हळूच घसरला आणि नाकाच्या मध्यावर येऊन थांबला. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग बोट पुढे करून तिने तो वर ढकलला. तो पुन्हा खाली आला.

"अहो," ती म्हणाली, वर्षभरानंतर पहिल्यांदा, आणि आवाजात तोच जुना वैताग होता, "जरा वर करा की तो."

मी बॅगेतून क्रीमं, बदाम, काकांचे बूट, सगळं काढून टाकलं.